पाय लागला म्हणून

“तिला विचार, पोराचा काही निरोप आला का,” कुंताताई म्हणाल्या.

मी विचारलं नाही. ओदालिस फेरीबोटीच्या कठड्याला टेकून उभी होती आणि उत्तर तिच्या चेहऱ्यावरच होतं. हवानाच्या धक्क्यावरून खाडीपलीकडच्या रेग्ला गावाला जाणारी ती लहानशी बोट, तिच्यात आम्ही डझनभर मराठी माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, आणि मधोमध ही उंच, काळी, ताठ पाठीची बाई. गेला आठवडाभर ती आम्हाला नाच शिकवत होती. तिचा एकुलता एक मुलगा योएल चार मित्रांबरोबर घरी बांधलेल्या बोटीत बसून समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या किनाऱ्याकडे निघाला होता. त्याला दोन आठवडे होऊन गेले होते. पोचल्याचा निरोप नव्हता, बुडाल्याचाही नव्हता. त्या दुपारी तिच्या घरी समुद्राच्या देवीपुढे ढोल वाजणार होते. मुलगा सुखरूप किनाऱ्याला लागावा, एवढंच मागणं होतं.

“विचारलंस का?”

“नाही आला, ताई.”

“न विचारताच सांगतेस होय? तू दुभाषी आहेस की ज्योतिषी?”

बोलणं बरोबर होतं आणि मला ते झोंबलं. मी तेव्हा पुण्यात स्पॅनिश शिकवत होते, तिशी गाठायची होती आणि आपल्या कामाचा मला भारी ताठा होता. समोरचा बोलेल ते बोलेल तसं द्यायचं, आपल्या पदरचं मीठ घालायचं नाही, हा माझा नियम. दौऱ्याच्या पहिल्याच दिवशी मी तो सगळ्यांना ऐकवला होता. कुणी चावट बोललं तर चावटच पोचेल, तेव्हा जिभेला जपा, असंही वर सांगितलं होतं.

दौरा प्रमोद केळुसकरांचा. पुण्यात त्यांचे साल्साचे वर्ग जोरात चालायचे. नुसत्या स्टेप शिकून उपयोग नाही, मुळाशी गेलं पाहिजे, असं ते दर बॅचला सांगत आले होते, आणि त्या वर्षी त्यांनी खरंच मुळाशी जायचा घाट घातला. पत्रकावर ‘क्यूबन नृत्य व संस्कृती : अभ्यास दौरा’ असं छापलं होतं. एक दंतवैद्य जोडपं होतं, काही कॉम्प्युटरवाले होते, आणि एका बिल्डरची बायको होती, शैलावहिनी. हवानात आपण उपाशी मरणार या खात्रीने त्यांनी थालीपिठाची भाजणी आणि लोणच्याच्या बरण्या बरोबर आणल्या होत्या. पहिल्या दोन दिवसांचा काळ्या घेवड्याचा भात खाल्ल्यावर आम्ही सगळे त्यांच्या खोलीबाहेर घुटमळू लागलो, हेही खरं.

कुंताताई मिरजकर आमच्यात वयाने सगळ्यांत मोठ्या. सांगलीत त्यांचा कथकचा वर्ग होता. साल्साशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. मावशीने घराबाहेर पडावं म्हणून भाचीने बळेबळे नाव घातलं होतं. विमानतळावर केळुसकरांनी आम्हाला बाजूला घेऊन बजावलं होतं, की त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा मुलाबाळांचा विषय त्यांच्यापाशी काढू नका. आम्ही काढला नाही, त्यांनीही काढला नाही. बाई तशी खमकी, थट्टेखोर. एकच सवय विचित्र होती. रस्त्याने ट्रक गेला की बोलता बोलता थांबायच्या आणि वळून त्याचा नंबर वाचायच्या. हवानातसुद्धा. इथले नंबर वाचून काय करणार ताई, असं मी एकदा गमतीने म्हटलं. “सवय गं,” म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

ओदालिसचं आणि त्यांचं पहिल्याच सकाळी जमलं. नाचाला उभं राहण्याआधी कुंताताई वाकल्या, दोन्ही हातांनी फरशीला स्पर्श केला आणि ते हात डोळ्यांना लावले. ओदालिसने वाजणारं गाणं बंद केलं आणि मला विचारलं, त्या काय करताहेत. मी सांगितलं, आता जमिनीला पाय मारायचे म्हणून आधी तिची क्षमा मागताहेत. आमच्याकडे पाय लागला की असं करतात. माणसाला, पुस्तकाला, वाद्याला, कशालाही. ओदालिसला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून तिने सगळ्या वर्गाला ते करायला लावलं. त्या दोघी एकमेकींना ‘मायेस्त्रा’ म्हणजे बाई म्हणू लागल्या. ओदालिस समुद्रदेवीचा नाच शिकवायची. घेरदार निळा घागरा दोन्ही हातांत धरून आधी संथ लाटा, मग हळूहळू खवळत जाऊन शेवटी गिरक्याच गिरक्या. आम्ही बाकीचे भोवळ येऊन भिंती धरायचो. कुंताताई साठी उलटलेल्या असून तिच्या बरोबरीने फिरायच्या आणि समेवर थांबावं तशा जागच्या जागी थांबायच्या. मला मधे घ्यायची त्यांना गरजच पडायची नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागही यायचा.

एका सकाळी मात्र गरज पडली. वर्ग चालू असताना फोन वाजला. ओदालिस हातातला घागरा सोडून धावली, आणि फोन भलत्याच कुणाचा होता. ती तशीच जिन्यात जाऊन बसली. कुंताताई कॉफीचा कप घेऊन तिच्याशेजारी बसल्या आणि मला खुणेने बोलावलं. ओदालिस भिंतीकडे बघत बोलत होती.

“तो नको म्हणत होता. त्याला इथेच राहायचं होतं, मामाबरोबर गाड्या दुरुस्त करायच्या होत्या. मीच मागे लागले. इथे राहून काय करणार आहेस, म्हटलं. जाणार नसशील तर माझ्याशी बोलू नकोस, म्हटलं. बोट सुटली तिथवर मीच त्याला पोचवायला गेले.”

मी ते शब्दाला शब्द दिलं. कुंताताई काहीतरी धीराचं बोलतील असं मला वाटलं, कारण अशा वेळी धीराचं बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कॉफी त्यांच्या हातातच गार झाली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “तिला म्हणावं, ऊठ. नाचू या.” आणि दोघी उठल्या.

ढोलांच्या त्या दुपारचं बोलावणं होतं ते फक्त कुंताताईंना. केळुसकरांच्या कानावर गेलं आणि अख्खा ताफा निघाला. असा अनुभव मागून मिळत नाही, म्हणाले. पांढरं घालून या असा निरोप होता. अहेव बाईने पांढरंफटक कसं नेसायचं, म्हणून शैलावहिनींनी ठसठशीत कुंकू लावलं आणि मनगटभर हिरव्या बांगड्या चढवल्या. कुंताताई निळ्या काठाची पांढरी साडी नेसल्या होत्या.

ओदालिसचं घर धक्क्यापासून जवळ होतं. दाराशी तिचा भाऊ रूबेन उभा होता, मोटर मेकॅनिक, हातांच्या रेषांत तेल मुरलेलं. त्याने नियम सांगितले आणि मी ते सगळ्यांना मराठीत दिले. फोटो काढायचा नाही. नाचणाऱ्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. आणि बायकांनी ढोलांना हात लावायचा नाही, चुकूनसुद्धा नाही, कारण ते नुसते ढोल नाहीत, त्यांच्यात प्राण घातलेला आहे. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतात तसं, असं कुंताताईच माझ्या मदतीला धावून म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आत कोपऱ्यात निळ्या कापडांची आरास होती, कलिंगडं होती, काकवीचा वाडगा होता, आणि मधे टेकवलेला योएलचा फोटो. हसताना एक डोळा बारीक होणारा मुलगा. समोर तीन ढोलकरी. ढोल आपल्या पखवाजासारखे, मांडीवर आडवे, दोन्ही तोंडांनी वाजणारे. त्यांचा धनी फेर्मिन नावाचा म्हातारा होता, आणि तो वाजवायला लागल्यावर खोलीतल्या हवेचा दाबच बदलला. लोक गात होते. म्हातारे येऊन ढोलांपुढे जमिनीवर डोकं टेकवत होते. ओदालिस मधोमध नाचत होती, आणि वर्गात शिकवलेलं हे, असं म्हणायची सोय राहिली नव्हती. रूबेन माझ्या कानाशी म्हणाला, देवी अजून आलेली नाही. ती कुणाच्या तरी अंगात येईल, मग ओदालिस तिला विचारेल. ते विचारायसाठीच हे सगळं.

मधे ढोलकरी घाम पुसायला थांबले. ढोल भिंतीलगत चटईवर ठेवले होते. खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुंताताई खाली मांडी घालून बसल्या होत्या. एक खूप म्हातारी बाई आत आली तेव्हा तिला जागा द्यायला त्या उठल्या. पायाला मुंग्या आल्या असाव्यात. तोल सावरायला एक पाऊल मागे टाकलं, आणि टाच सगळ्यांत मोठ्या ढोलाला लागली.

तेवढ्यावर राहतं तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण त्या चटकन वळल्या, वाकल्या, दोन्ही हात ढोलाच्या कातड्यावर ठेवले आणि डोळ्यांना लावले. मला दिसत होतं. मी तोंडही उघडलं. पण त्यांचा हात काही विचार करून गेला नव्हता. माझ्या हातून पुस्तक पायावर पडलं तर माझाही हात असाच जातो.

एका बाईने तोंडावर हात नेला. फेर्मिन सावकाश उठला, त्याने तिन्ही ढोलांवर कापडं घातली आणि मुलांना खूण केली. ओदालिस त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “फेर्मिन, अर्ध्यावर नाही.”

“मी नाही थांबवत, मुली,” म्हातारा म्हणाला. “ते थांबले. आता त्यांना शुद्ध करायचं, खाऊ घालायचं. पुन्हा कधी बोलतील ते त्यांचं ते सांगतील.”

“मला आज विचारायचं होतं.”

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ढोल बाहेर नेले.

ओदालिस कुंताताईंपाशी आली. त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले, तळवे वर करून बघितले, आणि सोडून दिले. त्या हातांचा अर्थ मीच तिला पहिल्या सकाळी समजावला होता, त्यामुळे तिला माझ्याकडून काही जाणून घ्यायचं नव्हतं. कुंताताई “ओदालिसबाई, ओदालिसबाई” एवढंच म्हणत राहिल्या.

केळुसकरांना अशा वेळी गप्प बसवत नाही. समारोपाच्या सत्काराला म्हणून शाल आणि नारळ त्यांच्या पिशवीत होते. ते घेऊन त्यांनी रस्त्यात फेर्मिनला गाठलं, शाल त्याच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि वाकून नमस्कार केला. म्हातारा गोंधळून उभा. संस्थेतर्फे क्षमा मागतो असं सांग, म्हणून मला सांगत होते. मी सांगितलं. फेर्मिनने शाल काढून घडी केली, नारळासकट दाराच्या उंबऱ्याशी ठेवली आणि निघून गेला. मला हसू येईल की रडू, कळत नव्हतं.

परतीच्या बोटीत कुंताताईंनी एकच विचारलं. “सगळं अर्धवट राहिलं का गं?”

“हो,” मी म्हटलं. माझा नियम होता ना.

दुसऱ्या दिवशी वर्ग झाला नाही. त्याच्या पुढच्या सकाळी ओदालिसच्या जागी रूबेन आला. केळुसकरांनी चहा विचारला, तो नको म्हणाला आणि मला गॅलरीत घेऊन गेला. बोट उलटली होती. पाचांतला एक मुलगा एका मच्छीमार बोटीला सापडला, पलीकडच्या इस्पितळात इतके दिवस शुद्धीत नव्हता, आणि काल बोलला. बाकीचे चौघे गेले. योएलही.

“बोट दुसऱ्याच रात्री उलटली,” रूबेन म्हणाला. “आम्ही कलिंगडं मांडली तेव्हा पोराला जाऊन कितीतरी दिवस झाले होते. ढोल रात्रभर वाजले असते तरी काही होणार नव्हतं. हे मी तुला अशासाठी सांगतो, की ओदालिस सगळ्या गल्लीला सांगत सुटली आहे, त्या हिंदुस्थानी बाईने माझा मुलगा नेला. तो गेला एवढंच मी तिला सांगितलंय. केव्हा ते तिने विचारलं नाही. आज संध्याकाळी सांगणार आहे. नसता आळ कुणावर कशाला?”

भला माणूस होता. मी जवळजवळ धावतच कुंताताईंच्या खोलीत गेले. दोन दिवस त्या धड जेवल्या नव्हत्या. शैलावहिनींनी केलेलं थालीपीठ बशीत तसंच वाळत होतं. मी सगळं सांगितलं, आणि मला वाटलं, आता यांचा जीव भांड्यात पडेल.

त्यांनी डोळे मिटून घेतले. पोरगा गेल्याचं त्यांना तेव्हाच कळत होतं, हे माझ्या घाईत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “भावाने तिला तारीख सांगितली का?”

“संध्याकाळी सांगणार आहे.”

“नको म्हणावं. कुठंय तो? गेला का? मला त्याच्याकडे ने.”

रूबेन अजून खाली दाराशी उभा होता. कुंताताईंनी त्याचा तेलकट हात धरला आणि म्हणाल्या, याला सांग, तारीख तिला सांगायची नाही. आज नाही, कधीच नाही. रूबेन माझ्याकडे बघू लागला. मीच चुकीचं सांगते आहे की काय असं त्याला वाटलं असावं.

“पण यांच्यावर दोष राहील,” तो म्हणाला.

“राहू दे की. तिला तारीख कळली तर माझ्यावरचा दोष जाईल. मग ती तो कुठं ठेवेल, हे विचार त्याला.”

बहिणीने भाच्याला कसं बळेच धाडलं ते रूबेनने डोळ्यांनी बघितलं होतं. शेवटी त्याने मान डोलावली. मी मात्र चिडले होते. खोटं ते खोटं, आणि ते माझ्या तोंडून निघणार होतं. मी तसं बोलूनही दाखवलं. कुंताताई म्हणाल्या, तू फक्त माझ्याबरोबर चल.

आम्ही तिघं त्याच फेरीने रेग्लाला गेलो. ओदालिस दारात खुर्ची टाकून बसली होती. अंगावर ढोलांच्या दिवशीचाच पांढरा झगा, आता मळलेला. शेजारपाजारच्या बायका होत्या. आम्हाला बघून त्या उठल्या आणि बाजूला झाल्या.

“ही कशाला आली?” ओदालिसने मला विचारलं. मायेस्त्रा म्हणाली नाही.

“तिला सांग, माझ्यामुळे झालं,” कुंताताई म्हणाल्या.

माझ्या तोंडून शब्द निघेना. दुभाषीपणाच्या उभ्या आयुष्यात माझं असं कधी झालं नव्हतं. मी म्हटलं, ताई, असं नका ना करू.

“बोल. आपल्या पदरचं मीठ घालू नकोस.”

मी बोलले. ओदालिस उठून उभी राहिली. ती कुंताताईंच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं. पण तिने एक प्रश्न विचारला, अगदी हळू. “हिला मूल आहे?”

मी तो दिला. कुंताताईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“सांग, आहे. मुलगा आहे. सुखात आहे. दोन नातवंडं आहेत म्हणावं.”

त्या दाराशी उभं राहून, माझा सगळा ताठा गिळून, मी तेही सांगितलं. ओदालिसचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती कुंताताईंच्या छातीवर, खांद्यांवर मुठी मारू लागली. जोराने नाही, पण थांबेचना. कुंताताई उभ्या राहिल्या, तिचा मार खात. साडीचा पदर खाली आला तो त्यांनी सावरला नाही. तुझ्या हातांनी बुडवलंस त्याला, ओदालिस म्हणत होती. तुझा मुलगा घरी येईल तेव्हा माझा तुला आठवू दे. तो जेवायला बसेल तेव्हा आठवू दे. मी एकेक शब्द मराठीत देत होते, आणि कुंताताई प्रत्येक शब्दाला हो म्हणत होत्या. शेवटी रूबेनने बहिणीला आवरून आत नेलं. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. मुलगा गेल्याचं कळल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती, असं शेजारीण म्हणाली.

परतीच्या बोटीत आम्ही कठड्याशी उभ्या होतो. पाणी तेलकट, संथ. मी रागावलेच होते, आणि काहीतरी लागेल असं बोलायचं म्हणून मी म्हटलं, “नातवंडं कशाला सांगितलीत? खरं सांगितलं असतंत तर तिला तुमची दया आली असती.”

“म्हणूनच.”

मग त्या पाण्याकडे बघत बोलू लागल्या, आणि त्यांच्या आवाजात रडं वगैरे काही नव्हतं.

“अमोघ पुण्याला होता नोकरीला. गौरी जेवणाच्या दिवशी रजा मिळत नाही म्हणाला. मी म्हटलं, घरातला मुलगाच नसेल तर कुणासाठी एवढा थाट करायचा? नको येऊस, म्हटलं, आणि रुसून फोन ठेवला. तो मोटरसायकलवर निघाला. कराडच्या पुढं मागून ट्रक आला. ठोकरून गेला तो गेलाच. पोलिसांना सापडला नाही, कुणालाच सापडला नाही.”

मी त्यांच्याकडे वळले.

“घरात मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. हे नाहीत, सासूबाई नाहीत. त्याची वेळ भरली होती, म्हणाले. इतकी चांगली माणसं. मी म्हटलं, निदान तो ट्रकवाला तरी सापडू दे. एकदा त्याला समोर उभा करून शिव्या देईन, मारीन, मग झोप लागेल मला. इतकी वर्षं बघतेय. अजून सापडत नाही गं.”

बोट धक्क्याला लागत होती. लोक पुढे सरकू लागले. कुंताताईंनी पदर खोचला.

“तिला मिळाला,” म्हणाल्या. “असू दे तिच्याजवळ.”

आम्ही ठरल्या दिवशी परत आलो. केळुसकरांनी विमानतळावर सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. कुंताताईंनी ते घेतलं आणि पिशवीत ठेवलं. त्यानंतर आमची भेट क्वचितच झाली, पण फोन होत राहिले. दुभाषीपणा मी अजून करते. माझा नियम मी नवीन मुलांना सांगते, पण पूर्वीच्या ताठ्याने सांगवत नाही.

मागल्या वर्षी कामासाठी माद्रिदला गेले होते. रूबेन आता तिथे असतो, गाड्याच दुरुस्त करतो. आम्ही कॉफी घेतली. त्याने शब्द पाळला होता. वाचलेला तो मुलगा पलीकडेच राहिला, परत आला नाही, आणि ओदालिसने तारीख कधी विचारली नाही. ती पुन्हा वर्ग घेते. नाचाआधी जमिनीला हात लावायचं तिने बंद केलं आहे, कुणी विद्यार्थिनीने लावलाच तर बाहेर काढते. दर वर्षी मुलासाठी मेणबत्ती लावते आणि त्या हिंदुस्थानी बाईला मोठमोठ्याने शिव्या घालते. पोरींना त्या पाठ झाल्या आहेत, रूबेन म्हणाला.

परत आल्यावर मी सांगलीला फोन लावला. कुंताताई आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण वर्ग चालू आहे. मागे तबल्याचा ठेका ऐकू येत होता. मी रूबेनने सांगितलं ते सगळं सांगितलं, गाळलं काही नाही.

“अजून घालते शिव्या?”

“घालते.”

“आणि नाचते?”

“नाचते, ताई.”

“गिरक्या घेते का? का नुसतं शिकवते बसून?”

“घेते म्हणाला.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं.” मग पलीकडून काहीतरी जड वाहन गेल्याचा आवाज आला, आणि त्या बोलता बोलता थांबल्या. मीही फोन धरून गप्प राहिले, तो ट्रक लांब जाईपर्यंत.